एक नंबरचा फेरा

रविवारी सकाळी साडेआठला चहाला उकळी फुटली आणि गहिनीनाथ बीडच्या ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला.

शहादेवनं त्याला ओळखलं, पण जरा वेळानं. अकरा वर्षं दोघं एकाच एसटीवर होते, गहिनीनाथनं स्टेअरिंग धरलं होतं आणि शहादेवनं तिकिटं फाडली होती. तरी वेळ लागला, एवढा माणूस सुकला होता.

"बस आधी," शहादेव म्हणाला.

"बसायला येळ न्हाई. आज पाच वाजता सगळं संपतंय." गहिनीनाथ खुर्चीतल्या मनकर्णाबाईंकडं वळला. "बाई, माझा अभिमन्यू सहा वर्षांखाली वारला. आन गेल्या रविवारी त्यानं माझं पंधरा वर्षांचं दप्तर पुसलं."

शहादेवच्या हातातली गाळणी तशीच राहिली. मनकर्णाबाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. अठ्ठावीस वर्षं पोलिसात हवालदारकी करून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि 'खाजगी चौकशी' अशी पाटी लावून बसल्या होत्या. याहून अवघड वाक्यं त्यांनी पचवली होती.

"शहादेव, लिहून घ्या," त्या म्हणाल्या.

शहादेवनं टेबलाच्या खणातून कागद काढले. निवृत्त होताना त्यानं जुन्या वेबिलांचा, म्हणजे कंडक्टरच्या रोजच्या हिशेबाच्या कागदांचा, एक गठ्ठा घरी आणला होता. कोऱ्या पाठीवर तो बाईंच्या केसी लिहायचा. पुढच्या बाजूला त्याच्याच अक्षरात तारीख, मार्ग आणि 'गाडी क्र. १४१७' असायचं. बाई यावरून त्याची थट्टा करायच्या, पण कागद फुकटचा होता.

गहिनीनाथ उभ्यानंच सांगू लागला.

कॉम्प्युटरवर विमान चालवायचा एक खेळ असतो. खरं वारं, खरं ऊन, खरं घड्याळ. तुम्ही घरी खुर्चीत बसता आणि पडद्यावर विमान उडवता. असे शौकीन जगभर आहेत आणि ते मिळून एअरलाईनही काढतात. विमान एकही नसतं, प्रवासी एकही नसतो. पण वेळापत्रक असतं, वैमानिकांना नंबर असतात आणि प्रत्येक फेऱ्याची नोंद वेबसाईटवर कायमची राहते. खाली वैमानिक एका ओळीचा शेरा लिहितो.

दोन हजार दहा साली आष्टी तालुक्यातल्या कड्यात गहिनीनाथनं आणि त्याच्या लेकानं अशी एअरलाईन काढली. तिचं नाव बालाघाट एअर. वैमानिक नंबर एक गहिनीनाथ, नंबर दोन अभिमन्यू. आज नांदेडपासून कॅनडापर्यंत दीडशे वैमानिक तिच्यात होते.

"नेम एकच," गहिनीनाथ म्हणाला. "एक नंबरचा फेरा, औरंगाबाद ते कडा. तो रोज झाला पायजे. दसरा असो का सुतक असो, पहिली गाडी चुकवायची न्हाई. पंधरा वर्षं चुकली न्हाई, बाई."

"आणि अभिमन्यू?"

"दोन हजार एकोणीस, सहा फेब्रुवारी. सकाळी आठला मोटारसायकलवर नगरला निघाला. रस्त्यात गाडी घसरली. दवाखान्यात अकराच्या आत खेळ खलास. मी पुण्याच्या ड्युटीवर गेलतो. मला तोंड बघायला मिळालं दिवस बुडाल्यावर." त्यानं खिशातून पाकीट काढलं आणि पाकिटातून प्लॅस्टिकमध्ये घातलेली, वेबसाईटवरून छापून घेतलेली चिठ्ठी. "पण जायच्या आधी त्यानं घरी बसून फेरा मारला. हे बघा. ही त्याच्या हातची शेवटची ओळ."

शहादेवनं चिठ्ठी जशीच्या तशी उतरवून घेतली.

*६ फेब्रु. २०१९. फेरा १. वैमानिक ००२ अभिमन्यू. औरंगाबाद–कडा. धावपट्टी ३६. टेकण्याचा वेग ६१२. शेरा: आबा, धुराड्याच्या सावलीवर उतरलो. मऊ.*

"वेळ नाही यात," बाई म्हणाल्या.

"वेबसाईटवर नुस्ती तारीख दिसती. वेळ आतल्या दप्तरात असती. या महिन्यात पंधरा वर्षं भरत्यात, म्हणून मी एअरलाईनचा इतिहास लिहायला घेतलाय. तासामिनिटासकट. येळ न टाकता इतिहास लिहायचा म्हणजे पाटी न लावता एसटी सोडायची. हनुमान, आमचा कॉम्प्युटरवाला, सोमवारी आतलं दप्तर काढून देणार होता. रविवारी संध्याकाळी पाचला सगळं गायब. वेबसाईटची कंपनी म्हणती, अभिमन्यूच्या खात्यातून, त्याच्या पासवर्डनं पुसलंय. सात दिवस ते सांभाळून ठेवत्यात. ज्या खात्यानं पुसलं, त्याच खात्यानं परत मागितलं तरच देणार. आज पाचला सातवा दिवस भरतो."

तो तेव्हा खाली बसला. "माझ्या पोराचे अकराशे फेरे हायत त्याच्यात. अकराशे ओळी. रोज सकाळी एक वाचतो मी. ते गेलं तर तो दुसऱ्यांदा गेला बघा."

मनकर्णाबाईंनी चहाचा कप न उचलता चप्पल घातली.

*

तिघं जीपनं कड्याला निघाले. शहादेवला राहून राहून जुना गहिनीनाथ आठवत होता. ड्युटी संपली की डेपोतल्या वहीत तो रोज एकच ओळ लिहायचा: 'वेळेवर. विशेष काही नाही.' तीस वर्षांत दुसरी ओळ लिहिली नसेल. आता तोच माणूस दर मैलाच्या दगडाला घड्याळ बघत होता.

बारा वाजता ते कड्याला पोचले. गहिनीनाथ त्यांना थेट गच्चीवर घेऊन गेला.

"ते कारखान्याचं धुराडं. त्याच्या अंगाला, पूर्वेला, ते पडीक रान दिसतंय का? तिथं आमचा विमानतळ. खरा न्हाई, पडद्यावरचा. अभिमन्यूनं सगळं हुबेहूब बनवलं. धुराडं, तळं, तारा, सगळं. धावपट्टी उत्तर-दक्षिण."

शहादेवला नुसतं रान दिसलं. गहिनीनाथला मात्र तिथं विमानं दिसत असावीत.

गच्चीलगतच खोली होती. कॉम्प्युटरपुढं भंगारातून आणलेली एसटीच्या डायव्हरची सीट बोल्टनं पक्की केली होती. वरच्या पाइपला एसटीचीच घंटी टांगली होती, दोरीसकट. भिंतीवर अभिमन्यूनं काढून ठेवलेली दहा-बारा चित्रं होती. सगळ्यांत विमान कड्याला उतरत होतं आणि खिडकीतून उजव्या हाताला धुराडं दिसत होतं.

"सात दिवस बसलो न्हाई ह्याच्यावर," गहिनीनाथ म्हणाला. "फेरा मारून लिहायचा कुठं?"

*

हनुमानचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान बसस्टँडसमोर होतं. एअरलाईनची वेबसाईट तोच सांभाळायचा. त्याच्या कपाळावर आठ्या होत्या.

"माझ्यावर संशय हाय न्हवं? असू द्या. आबांनी मला सगळ्या गावासमोर चोर म्हणलंय."

"कावून?" शहादेवनं विचारलं.

"चाव्या माझ्याकडं हायत म्हणून. पण बाई, मला पुसायचं असतं तर माझ्या चावीनं पुसून 'सर्व्हर बसला' म्हणलो असतो. कोणाला काय कळलं असतं?"

"अभिमन्यूचा पासवर्ड तुम्हाला दिसतो?"

"न्हाई. बदलता येतो, पण त्याचा ओटीपी त्याच्या नंबरावर जातो. तो नंबर सहा वर्षं बंद. आन बदललेला बी न्हाई. पुसणाऱ्यानं बरोब्बर पासवर्ड टाकला, पहिल्याच फटक्यात. मी आठ दिवस डोकं खाजवतोय. जन्मतारीख, लग्नाची तारीख, सगळं टाकून बघितलं. चार चुकले. आता एकच संधी राहिली. ती चुकली की खातं कुलूपबंद."

"त्या खात्यात मधे कोणी आलं होतं?"

"सहा वर्षांत कोणी न्हाई. वैमानिक गेला की त्याचा नंबर दुसऱ्याला द्यायचा न्हाई आन खातं बी बंद करायचं न्हाई, ही आमची रीत. शेवटचं कोणी आलं ते त्याच दिवशी, सहा फेब्रुवारीला. त्यानंतर थेट गेल्या रविवारी."

"त्या दिवशी किती वाजता?"

"ते आतल्या दप्तरात होतं, बाई. तेच तर गेलं."

मनकर्णाबाईंनी मान डोलावली. शहादेवनं 'हनुमान – राग आहे' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. त्याच्या मते केस मिटली होती.

*

परत घरी आले तेव्हा शिवशंकर गुरुजी ओट्यावर बसले होते. ते एअरलाईनचे मुख्य वैमानिक. परळीकडच्या धर्मापुरीत शाळेवर होते आणि वर्धापनदिनासाठी शुक्रवारपासूनच इथं मुक्कामाला आले होते. गोरेगोमटे, बोलायला मोठे चतुर. पण आज त्यांचे हात मांडीवर स्वस्थ बसत नव्हते.

"चार हजार तास आहेत तुमच्या नावावर," बाई म्हणाल्या. "नोकरी सांभाळून?"

"आवड असली की सवड मिळते."

"आतल्या दप्तरात वेळा असतात म्हणे. तुमची विमानं किती वाजता उडायची, गुरुजी? शाळेच्या प्रार्थनेच्या आधी का नंतर?"

गुरुजींचा चेहरा पडला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "वर्गात माझा तास चालू, घरी माझं विमान चालू. सकाळी उडवून द्यायचं, ऑटोपायलटवर टाकायचं, मधल्या सुट्टीत घरी जाऊन उतरवायचं. अर्धे तास असेच आहेत. इतिहास छापला असता तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. पण मी पुसलं नाही, बाई. अभिमन्यूची शपथ."

"एक फेरा बसूनच मारायचा असतो?"

"एक नंबरचा. तो कधीच ऑटोवर नाही. आणि कड्याला उतरायचं ते तळ्याच्या बाजूनं, उत्तरेकडून. दक्षिणेला हायटेन्शनच्या तारा आहेत. नव्या वैमानिकाला आम्ही पहिलं तेच शिकवतो. अभिमन्यू तर वारा उलटा असला तरी उत्तरेकडूनच यायचा."

"टेकण्याचा वेग किती चांगला?"

"मिनिटाला दीडशे फुटांनी खाली येऊन टेकलं की झकास. अभिमन्यू दोनशेच्या वर कधी गेला नाही. सहाशेला विमान आपटतं, खरं असतं तर लोकांचे दात हलले असते."

"चिठ्ठीत सहाशे बारा आहे आणि शेरा 'मऊ' आहे."

"आबा म्हणतात, त्यानं चेष्टा केली." गुरुजींनी घरात एकदा बघून घेतलं. "आम्ही कोणी त्यावर बोललो नाही. त्या चिठ्ठीवर कोण बोलणार?"

*

स्वयंपाकघरात विमलबाई, गहिनीनाथची बायको, शेंगा फोडत बसली होती. तिला विमानं, दप्तर यांतलं काही कळत नव्हतं. आपला नवरा सात दिवस जेवला नाही एवढंच तिला कळत होतं.

"अभिमन्यू गेला तवा बी असंच. पाच दिवस अन्नाला शिवले न्हाईत. पाचव्या दिवशी ती चिठ्ठी वाचली, मग रडले, मग भाकर खाल्ली. त्या चिठ्ठीनं माणूस वाचवला माझा."

"तुम्ही त्या दिवशी कुठं होता?"

"हितंच. सगळं गाव अंगणात. पुरुष माणसं दवाखान्यात थांबली, बायकांनी रोहिणीला, सूनबाईला, चारच्या सुमाराला घरी आणलं. ती सरळ वरच्या खोलीत गेली आन आतून कडी लावली. दिवस मावळस्तोर दार उघडलं न्हाई. मी म्हणलं, रडू द्या लेकराला."

तेवढ्यात रोहिणी चहा घेऊन आली. तिशीची, गावच्या दवाखान्यात नर्स, डोळ्यांखाली काळं. सासू-सासऱ्यांना सोडून ती कुठं गेली नव्हती. दोनदा स्थळं आली, दोन्ही तिनं परत पाठवली होती.

"तुम्ही पण चालवता का विमान?" बाईंनी विचारलं.

"मी कशाला? त्या खोलीत झाडून काढायला जाते, एवढंच."

शहादेवला आपलं कुतूहल होतं. "ते धुराडं पडद्यावर बी दिसतं म्हणे खरं?"

"दिसतं की. उतरताना डाव्या हाताला येतं. मोठं दिसतं लई, भ्या वाटतं." तिनं कप ठेवले आणि ती निघून गेली.

मनकर्णाबाई चहा तसाच टाकून उठल्या आणि गच्चीवर गेल्या. शहादेव मागोमाग गेला तेव्हा चार वाजून गेले होते. बाई कठड्याला टेकून त्या पडीक रानाकडं बघत होत्या. दुपारी धुराड्याच्या पायाशी गोळा झालेली सावली आता लांब होऊन रानात शिरली होती.

"बाई, हनुमानला उचलू का?" शहादेवनं विचारलं.

"गप बसा," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. शहादेवनं सहा वर्षांत असं पहिल्यांदा पाहिलं.

*

चार वाजून पंचवीस मिनिटांनी सगळे वरच्या खोलीत जमले. गहिनीनाथ डायव्हरच्या सीटच्या कडेला टेकला. विमलबाई उंबऱ्यात बसली. हनुमान आणि गुरुजी भिंतीला लागून उभे राहिले, रोहिणी दाराशी.

"गहिनीनाथ," मनकर्णाबाई म्हणाल्या, "दप्तर परत मिळेल. पण मग तुमच्या पाकिटातली चिठ्ठी राहणार नाही. दोन्हीपैकी एकच मिळेल. कोणतं पाहिजे ते तुम्ही सांगा. चिठ्ठी म्हणालात तर मी आत्ता उठून बीडला जाते."

गहिनीनाथनं पाकीट काढलं, छातीशी धरलं. शहादेवला वाटलं, याला काही तरी कळलंय आणि कळून घ्यायचं नाहीये.

"बाई, मी डायव्हर माणूस," तो शेवटी म्हणाला. "खोट्या पाटीची गाडी मला चालवता येत न्हाई. बोला."

"अभिमन्यू अकराच्या आत गेला. फेरा मारला असेल तर सकाळी आठच्या आधी. बरोबर? धुराडं धावपट्टीच्या पश्चिमेला आहे. सकाळी सूर्य पूर्वेला, सावली पडते पलीकडं, गावाच्या बाजूला. धावपट्टीवर ती येते फक्त दुपार कलल्यावर. मी आत्ता डोळ्यांनी बघून आले. खेळात खरं ऊन आणि खरं घड्याळ असतं, हे तुम्हीच सांगितलंत. धुराड्याच्या सावलीवर जो उतरला, तो संध्याकाळी उतरला."

गुरुजींनी भिंतीला हात टेकला.

"चिठ्ठीत धावपट्टी ३६ आहे. शहादेव, ३६ म्हणजे कुठं तोंड?"

"मला काय ठाऊक, बाई."

"उत्तरेला," हनुमान पुटपुटला. "तीनशे साठ अंश. उत्तरेकडून येणाऱ्याला १८ लागतं. म्हणजे हे विमान दक्षिणेकडून आलं. तारांवरून."

"अभिमन्यू कधीही न आलेल्या बाजूनं. भिंतीवर त्याची चित्रं बघा, सगळ्यांत धुराडं उजव्या हाताला. आणि टेकताना विमान आपटलं. ज्याला गावची रीत शिकवली नव्हती, ज्यानं कधी विमान उतरवलं नव्हतं, अशा कोणीतरी अभिमन्यूच्या नावानं तो फेरा मारला, तो गेल्यावर. इतिहास छापला असता तर त्या ओळीपुढं संध्याकाळची वेळ आली असती. नुसती तीच ओळ काढली असती तर गहिनीनाथांनी पहिली तीच शोधली असती. म्हणून सगळंच पुसावं लागलं."

"कोण?" गहिनीनाथनं विचारलं.

"हनुमानला आणि गुरुजींना स्वतःच्या चाव्या होत्या. पुसणाऱ्याकडं एकच चावी होती, अभिमन्यूची, आणि ती तोंडपाठ. त्या संध्याकाळी या खोलीला आतून कडी होती. चारपासून दिवस मावळेपर्यंत." बाई दाराकडं वळल्या. "आणि आज दुपारी शहादेवला कोणी तरी म्हणालं, उतरताना धुराडं डाव्या हाताला येतं. डाव्या हाताला ते फक्त दक्षिणेकडून येणाऱ्याला दिसतं. तसं इथं एकदाच कोणी आलंय."

रोहिणी दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

"पाच मिनटं शुद्धीत होते हे," ती म्हणाली. "म्हणले, सकाळी घाई झाली, आजचा फेरा राहिला. आबा म्हणतील पहिली गाडी चुकवली. मला पासवर्ड सांगितला. दोनदा म्हणून घेतला माझ्याकडून. मग... मग काही बोलले न्हाईत." तिनं पदर तोंडाला लावला. "मी ह्यांच्याशेजारी बसून बघितलं होतं, तेवढंच. हात कापत होते. तारा दिसल्या तवा डोळे मिटले मी. टेकल्यावर खाली शेऱ्याची जागा आली. ती कोरी ठेवली असती तर आबांना कळलं असतं. म्हणून लिहिलं. मऊ म्हणून लिहिलं, आबा. तुमाला बरं वाटावं म्हणून."

"आन सांगितलं न्हाईस."

"सांगणार होते. पाचव्या दिवशी तुमी ती ओळ वाचून भाकर खाल्ली. मग कसं सांगू? त्या ओळीवर तुमी जगत होता. इतिहासात वेळ छापून आली असती तर तुमी... मी दप्तर मारलं आबा, तुमाला वाचवाया."

विमलबाई मोठ्यानं रडू लागली. गहिनीनाथनं चिठ्ठी प्लॅस्टिकमधून काढली, पुन्हा वाचली. सहा वर्षं लेकाची म्हणून जपलेली ओळ त्याच्या हातात परकी झाली होती. शहादेवला त्याच्याकडं बघवत नव्हतं आणि नजरही काढवत नव्हती.

"चार पन्नास," हनुमान हळूच म्हणाला.

"पासवर्ड काय?" गहिनीनाथनं विचारलं.

"तुमच्या गाडीचा नंबर, आबा."

शहादेवनं हातातलं वेबिल उलटं केलं. सकाळपासून तो त्याच कागदाच्या पाठीवर लिहीत होता. गाडी क्र. १४१७. आपण किती मठ्ठ आहोत, या विचारानं त्याला रडू आलं का आणखी कशानं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

गहिनीनाथनं एका बोटानं चार आकडे दाबले. हनुमाननं दप्तर परत मागायचं बटण दाखवलं, तेही त्यानं दाबलं. पडदा क्षणभर पांढरा झाला. मग खाली खाली ओळी उतरू लागल्या, शेकडो, हजारो, पंधरा वर्षांच्या. चार वाजून चोपन्न मिनिटांनी सगळं दप्तर परत आलं होतं.

तो सहा फेब्रुवारीवर थांबला. वेळ: सतरा वाजून अकरा मिनिटं.

"मग माझ्या पोराची शेवटची ओळ कोणती?" त्यानं कोणालाच न विचारता विचारलं आणि एक ओळ वर सरकला.

*५ फेब्रु. २०१९. फेरा १. वैमानिक ००२ अभिमन्यू. धावपट्टी १८. वेग १४०. शेरा: वेळेवर. विशेष काही नाही.*

आजवर नुसती ओलांडून गेलेली ती ओळ गहिनीनाथनं वाचली. पुन्हा वाचली. डेपोच्या वहीत तीस वर्षं आपण लिहिलेली ओळ आपल्या लेकानं कधी पाहिली असेल, हे तो आठवत असावा. मग त्यानं डोकं कीबोर्डवर टेकलं आणि तो ओरडून रडला, सहा वर्षांत रडला नसेल इतका. रोहिणी उठून त्याच्या पायाशी जाऊन बसली. कोणी कोणाला थांबवलं नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं तोंड पुसलं. इतिहासाची वही ओढली आणि सहा फेब्रुवारीच्या पानावर अभिमन्यूचं नाव खोडून त्याजागी लिहिलं: 'वैमानिक रोहिणी. पहिला फेरा. तारांवरून आली.' मग आजचं पान काढलं. 'सात दिवस फेरा बंद. कारण घरचं.'

"आबा, मोडली ना रीत," रोहिणी म्हणाली. "माझ्यामुळं मोडली."

"गाडी कधी बंद पडतीच. दुसऱ्या दिवशी सोडायची असती." तो सीटवरून उठला. "बस हितं. उत्तरेकडून उतरायचं, तळ्यावरून. मी सांगतो."

"मला न्हाई जमायचं."

"बस म्हणतो ना."

ती बसली. पडद्यावर औरंगाबादची धावपट्टी उजाडली. गहिनीनाथनं तिच्या बोटांवर आपला हात ठेवला.

"कंडक्टर," तो मागं न बघता म्हणाला, "घंटी द्या."

शहादेवचा हात आपोआप वर गेला, अकरा वर्षं जायचा तसा. दोरी हाताला लागली. त्यानं दोनदा ओढली.